जेल रोडवरील मुलाखतीचे अर्ज भरून देणारे केंद्र: चार महिन्यांच्या अनुभवानंतर

नाशिक रोडला बिटको चौकातून जेल रोडला लागले की कारागृहाच्या वाटेवर हे छोटेसे केंद्र आहे. एक संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्स यंत्र आणि प्लास्टिकच्या चार खुर्च्या एवढाच त्याचा पसारा. पॅन कार्ड, शिष्यवृत्तीचे अर्ज, वीजबिलाचा भरणा ही कामे इतर कुठल्याही सेवा केंद्रात होतात तशी येथेही होतात आणि त्यांविषयी सांगण्यासारखे वेगळे काही नाही. मी येथे लिहिते आहे ते फक्त एका कामाविषयी: कारागृहातील बंद्याला भेटण्याच्या परवानगीचा, म्हणजे मुलाखतीचा अर्ज. या अर्जाच्या कामासाठी आम्ही गेल्या चार महिन्यांत या केंद्रात पाच वेळा गेलो. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांना काही नेमके हाती लागावे, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहिते.

माझा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर सध्या न्यायालयीन कोठडीत आहे. खटला सुरू आहे, त्यामुळे प्रकरणाबद्दल मी काहीही लिहिणार नाही. त्याची पत्नी, म्हणजे माझी वहिनी, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते. आई कळवण तालुक्यात गावी असते आणि मी नाशिकमधील एका शाळेत लिपिक आहे. आमच्या घरात यापूर्वी कोणी कारागृहाच्या फाटकापर्यंतही गेलेले नव्हते. भेटीसाठी अर्ज करावा लागतो, तो ई-मुलाकात या संकेतस्थळावरून करता येतो आणि प्रत्यक्ष भेट की व्हिडिओवरून भेट हे त्यातच निवडायचे असते, एवढी माहिती वकिलांनी फोनवर दिली होती. बाकीचे आमचे आम्हीच शोधायचे होते.

पहिला अर्ज आम्ही घराजवळच्या दुसऱ्या एका केंद्रात भरला. त्याचे नाव मी देत नाही. तेथील मुलाने शंभर रुपये घेतले, भावाच्या आधार कार्डाची प्रतही न पाहता वहिनीने सांगितलेले नाव ऐकून टंकले, ‘नाते’ या रकान्यात ‘इतर’ असे निवडले आणि नोंदणी क्रमांकाचा कागद हातात देऊन सांगितले, “झालं तुमचं काम, हा कागद दाखवा, आत सोडतील.” वहिनीने त्या दिवसाचा खाडा सोसला, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि आम्ही सीबीएसवरून सिटीलिंकच्या बसने नाशिक रोडला पोहोचलो. फाटकावरच्या कर्मचाऱ्यांनी कागद पाहिला आणि शांतपणे समजावून सांगितले, की ही अर्जाची नोंदणी आहे, मंजुरी नव्हे. मंजुरीचा संदेश वेगळा येतो आणि तो आमच्या मोबाइलवर आलेलाच नव्हता. त्यांचे काहीही चुकले नव्हते. नोंदणी आणि मंजुरी यांतला फरक ज्याने सांगायला हवा होता, त्यालाच तो ठाऊक नव्हता किंवा सांगावासा वाटला नव्हता. वहिनीच्या पिशवीत भावासाठी नेलेले दोन बनियन होते. परतीच्या वाटेवर सावलीत थांबावे म्हणून आम्ही या केंद्राच्या पायरीवर उभ्या राहिलो आणि अशा रीतीने आमची येथे पहिल्यांदा गाठ पडली.

केंद्र चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या असाव्यात. येणारे सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांनी आमच्या हातातला नोंदणीचा कागद मागून घेतला, एकदा वाचला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “कोर्टाचा कागद आहे का? वॉरंटवर नाव कसं आहे?” आमच्याकडे कोर्टाचा कोणताच कागद नव्हता. “मग वकिलांना फोन लावा आणि फोटो मागवा. आधार कार्ड मी नंतर बघते.”

हा एक प्रश्न मला या केंद्राचे सगळ्यांत मोठे गुणवैशिष्ट्य वाटते. माझी वीस वर्षे शाळेचे जनरल रजिस्टर लिहिण्यात गेली आहेत आणि दाखल्यावरच्या एका अक्षरापायी मुलांची नोकरी कशी अडते हे मी रोज पाहते. तरीही कारागृहातील नोंद ही माणसाच्या आधार कार्डावरून होत नाही, तर न्यायालयाने ज्या वॉरंटावर त्याला आत पाठवले त्या वॉरंटावरून होते, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. वकिलांनी व्हॉट्सअॅपवर रिमांडच्या वॉरंटाचा फोटो पाठवला. ताईंनी तो मोठा करून वहिनीसमोर धरला. त्यावर लिहिले होते: ‘ज्ञानेश्वर ऊर्फ माउली’. माउली हे आमच्या घरातले नाव. आई त्याला त्याच नावाने हाक मारते आणि गल्लीतली दोन-चार माणसे सोडली तर ते कोणाला माहीत नाही, असा आमचा समज होता. न्यायालयाच्या कागदावर ‘ऊर्फ’च्या पुढे ते पाहून वहिनी काही वेळ बोललीच नाही. ताईंनीही घाई केली नाही. त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला.

अर्जातील नाव इंग्रजी अक्षरांत भरले जात होते आणि ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत लिहिण्याच्या तऱ्हा तर आपल्याकडे घरोघरी वेगळ्या आहेत. कोणी सुरुवात डी-एन-वाय अशी करते, कोणी जी-वाय अशी. कोणी शेवटी डब्ल्यू घालते, कोणी व्ही. पहिल्या केंद्रातील मुलाने हिंदी उच्चारानुसार जी-वाय लिहून टाकले होते. ताईंनी जामीन अर्जाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे न्यायालयातील प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, वकिलांकडून मागवला, न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या अॅपमध्ये तो टाकून प्रकरण उघडले, तेथे पक्षकाराचे नाव इंग्रजीत कसे लिहिले आहे ते पाहिले आणि तेच स्पेलिंग, वडिलांच्या नावासह, अर्जात जसेच्या तसे उतरवले. ही युक्ती नोंदीशी शंभर टक्के जुळेलच असे त्यांनी सांगितले नाही. “अंदाजानं टाकण्यापेक्षा कागदावरून टाकलेलं बरं,” एवढेच त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी वहिनीच्या मोबाइलवर मंजुरीचा संदेश आला.

दुसरी अडचण वहिनीच्या नावाची होती आणि ती लग्न झालेल्या असंख्य बायकांची अडचण आहे. तिच्या आधार कार्डावर अजून माहेरचे नाव आणि माहेरचाच पत्ता आहे. पहिल्या केंद्रात ‘इतर’ हे नाते निवडले गेले त्याचे कारण हेच होते, कारण आडनाव जुळत नाही म्हटल्यावर त्या मुलाने पुढे विचारलेच नाही. ताईंनी नाते ‘पत्नी’ असेच भरले, ओळखपत्र म्हणून आधारचाच क्रमांक दिला आणि बजावले, की जाताना शिधापत्रिका सोबत ठेवा, तीत पती-पत्नीची नावे एकाखाली एक आहेत, कोणी विचारले तर ती दाखवा. लग्नाचे नोंदणी प्रमाणपत्र असेल तर तेही चालेल, पण आमच्याकडे ते नव्हते. ज्या ओळखपत्राचा क्रमांक अर्जात दिला आहे, तेच मूळ ओळखपत्र घेऊन जायचे, झेरॉक्सवर विसंबायचे नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितले.

तारीख निवडण्यापूर्वी त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. पहिली: “त्यांची कोर्टाची तारीख कधी आहे?” बंद्याला ज्या दिवशी न्यायालयात हजर करायचे असते, त्या दिवशी सकाळीच त्याला बाहेर काढले जाते. त्या दिवसाची मुलाखत मागितली आणि ती मंजूरही झाली, तरी भेटायला गेलेल्या माणसाला माणूसच सापडत नाही. दुसरी: “या आठवड्यात आणखी कोणी मुलाखत घेतली आहे का?” कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे अशा बंद्याला, आठवड्यातून एकदा नातेवाइकांची मुलाखत मिळते, असे आम्हाला सांगण्यात आले होते. एखादा मित्र किंवा चुलतभाऊ सदिच्छेने आधी जाऊन आला, तर त्या आठवड्याची पाळी संपते आणि घरची माणसे ताटकळतात. आमच्याकडे पुढे नेमके हेच झाले असते, कारण भावाचा एक मित्र स्वतः अर्ज करण्याच्या तयारीत होता. आम्ही त्याला फोन करून थांबवले आणि पुढच्या वेळी वहिनीच्याच अर्जात सोबतची व्यक्ती म्हणून त्याचे नाव घातले. वकिलांची भेट या हिशेबात धरली जात नाही, ती वेगळी असते.

सोबत काय न्यायचे नाही, हे सांगण्यातही त्यांनी कसूर केली नाही. मोबाइल, तंबाखू, गुटखा, औषधाच्या सुट्या गोळ्या यांतले काहीही अंगावर किंवा पिशवीत असता कामा नये. मनाई असलेली वस्तू कारागृहात नेणे हा गुन्हा आहे आणि त्याला कैदेची शिक्षा होऊ शकते. गावाकडून येणाऱ्या एखाद्या आजोबांच्या बंडीच्या खिशात तंबाखूची डबी असते, त्यात त्यांचा कसलाही वाईट हेतू नसतो, परंतु झडतीत ती निघाली की सगळ्यांसमोर ओशाळवाणे व्हावे लागते. माझ्यासमोर ताईंनी अशा एका आजोबांची डबी स्वतःच्या खणात ठेवून घेतली आणि त्यावर त्यांचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. परतताना ती त्यांनी नेली. या कामाचे पैसे त्या घेत नाहीत.

मुलाखतीच्या आत काय बोलणे झाले ते आमचे आहे. त्याविषयी इतकेच लिहिते, की वेळ थोडा असतो आणि काय विचारायचे ते कागदावर लिहून पाठ करून गेलेले चांगले. वकालतनाम्यावर सही, घरभाड्याच्या करारनाम्याचे काय करायचे, मुलाच्या शाळेत कोणता अर्ज द्यायचा, हे प्रश्न रडण्यात राहून जातात.

आईच्या भेटीबद्दल मात्र लिहायलाच हवे. तिचे गुडघे दुखतात आणि कळवणहून नाशिक रोडपर्यंतचा प्रवास करून पुन्हा उन्हात रांगेत उभे राहणे तिला झेपणारे नाही. 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रत्यक्ष मुलाखती बंद झाल्या, तेव्हा कारागृहांमध्ये व्हिडिओवरून बोलण्याची सोय वाढली आणि ती नंतरही चालू राहिली. त्या वाईट काळातून उरलेली ही एक खरोखर उपयोगी गोष्ट आहे. आमच्या गावात मोबाइलला धड रेंज नसते, म्हणून आई दोन दिवस माझ्याकडे आली होती. अर्ज याच केंद्रात भरला आणि त्या वेळी आपल्याच घरून बोला असे सांगूनही आईने हट्ट धरला, की बटण दाबायला ताई जवळ हव्यात. ताईंनी झेरॉक्स यंत्रामागची जागा मोकळी करून दिली, दोन जुनी रजिस्टरे एकावर एक ठेवून त्यांना फोन टेकवला आणि आईचा चेहरा नीट दिसतो ना ते आधी समोरच्या कॅमेऱ्यात पाहून घेतले. जोडणी लागण्यापूर्वी आईने पदर डोक्यावरून घेतला. समोर साहेबलोक असतील, असे तिला वाटले. पडद्यावर भाऊ दिसला तेव्हा ती जे पहिले वाक्य बोलली ते असे होते: “माउली, केस का एवढे बारीक कापलेस?” ताई दुकानाचे अर्धे शटर ओढून बोलणे संपेपर्यंत बाहेर पायरीवर उभ्या राहिल्या आणि आलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्यांनी थांबवून धरले.

आता जे खटकले तेही लिहिते, कारण हे केंद्र चांगले आहे म्हणूनच ते अधिक नीट व्हावे असे मला वाटते.

सर्वांत गंभीर बाब मोबाइल क्रमांकाची आहे. ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाइल नसतो किंवा ज्यांना संदेश वाचता येत नाही, त्यांच्या अर्जात केंद्राचाच क्रमांक टाकला जातो. हेतू मदतीचा असतो, हे मी पाहिले आहे. परंतु त्यामुळे ओटीपी, मंजुरीचा संदेश, व्हिडिओ भेटीचा दुवा हे सगळे केंद्राच्या फोनवर येते, रविवारी केंद्र बंद असले की ते तसेच पडून राहते, आणि सोमवारची मुलाखत मंजूर झाली आहे हे त्या माणसाला सोमवारी दुपारी कळते. असे एका मावशींच्या बाबतीत घडलेले मी स्वतः ऐकले. शेजाऱ्याचा, भाच्याचा, कोणाही विश्वासातल्या माणसाचा क्रमांक द्यावा, पण केंद्राचा देऊ नये, असे मी ताईंनाही सांगितले आणि त्यांना ते पटले.

दुसरी बाब गुप्ततेची. जागा लहान असल्यामुळे मागे उभा असलेला माणूस पडद्यावरचे सगळे वाचू शकतो, आणि ताईंना नाव मोठ्याने उच्चारत टंकण्याची सवय आहे. आपला माणूस आत आहे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये म्हणून काही बायका जेल रोडपर्यंत येतात, घराजवळच्या केंद्रात जात नाहीत. त्यांच्यासाठी हे अवघड होते. पडद्याची दिशा भिंतीकडे वळवली तरी पुष्कळ काम होईल. आधार कार्डाच्या स्कॅन केलेल्या प्रती संगणकावर तशाच राहतात हेही मला आवडले नाही. मी सांगितल्यावर त्यांनी आमच्या प्रती माझ्यासमोर खोडल्या, पण प्रत्येकाला हे सांगायचे सुचेलच असे नाही.

तिसरी बाब दरपत्रकाची. अर्ज भरण्याचे पन्नास रुपये, छापील प्रतीचे दहा आणि झेरॉक्सचे पानाला दोन रुपये असे दर आमच्याकडून जेव्हा जेव्हा पैसे घेतले तेव्हा सारखेच घेतले गेले, म्हणजे त्यात लबाडी नाही. तरीही भिंतीवर तसा फलक नाही, आणि या अर्जाला शासनाचे स्वतःचे कोणतेही शुल्क नाही, हे पन्नास रुपये केवळ भरून देण्याच्या श्रमाचे आहेत, ही गोष्टही कुठे लिहिलेली नाही. घाबरलेला माणूस मागतील तितके पैसे देतो आणि पैसे दिले म्हणजे परवानगी विकत मिळाली असे समजतो. हा फलक ताईंनी जरूर लावावा.

भिंतीवर एक गोष्ट मात्र ठळक लिहिलेली आहे: मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100. कोठडीत असलेल्या व्यक्तीला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 नुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तेथे उत्पन्नाची अट आड येत नाही, आणि तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. केंद्रात येणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत नसते, असा ताईंचा अनुभव आहे. माझ्या देखत त्यांनी एका तरुण मुलीला, जिचा भाऊ आत होता आणि जी वकिलाच्या फीसाठी कानातले विकायला निघाली होती, तो क्रमांक स्वतः लावून दिला.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मुलाखतीचा अर्ज करणारा माणूस बहुधा खाली मान घालून करतो, जणू तो कोणाकडे मेहेरबानी मागत आहे. फ्रान्सिस कोराली मुलिन यांच्या 1981 मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की कुटुंबीयांना आणि मित्रांना भेटण्याचा बंद्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या भेटीला वाजवी नियम घालता येतात, आणि ते असायलाही हवेत. पण ती भेट हक्काची आहे. आमच्यापैकी हे कोणालाच माहीत नव्हते. मी ते नंतर वकिलांकडून समजून घेतले आणि वहिनीला सांगितले, तेव्हापासून ती अर्ज भरताना खुर्चीवर टेकून बसते.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे: सकाळी दहाच्या आत गेलात तर रांग नसते. वॉरंटाचा किंवा कोर्टाच्या कुठल्याही कागदाचा फोटो, येणाऱ्या प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र, नाते दाखवणारा एखादा कागद आणि ज्यावर ओटीपी येईल तो फोन जवळ ठेवा. मोबाइल घेऊन पुढे कारागृहात जायचे असेल तर तो कुठे ठेवणार याचा विचार घरूनच करून निघा. मंजुरीचा संदेश आल्याशिवाय गावाहून निघू नका, एसटीचे भाडे आणि दिवसाचा रोज दोन्ही वाया जातात. लहान मूल नेणार असाल तर त्याचेही नाव अर्जात घाला.

तिसऱ्या अर्जाच्या वेळी ताईंनी टंकणे थांबवले, कळफलक वहिनीकडे सरकवला आणि म्हणाल्या, “वहिनी, आता तुम्ही भरा, मी बघते.” वहिनीने एका बोटाने एकेक अक्षर शोधत नाव टाकले, डी, एन, वाय, आणि चुकले की ताई नुसते ‘हं’ म्हणत. चौथा अर्ज तिने स्वतःच्या मोबाइलवरून, केंद्रातच बसून भरला आणि ताईंनी त्याचे पैसे घेतले नाहीत. पाचव्या वेळी अर्ज तिने आदल्या रात्री घरीच भरलेला होता. आम्ही केंद्रात गेलो ते फक्त शिधापत्रिकेच्या दोन झेरॉक्स काढायला. चार रुपये झाले.